कुलूप होते, पण लावलेले नव्हते

१/ डिसेंबर १९९५. कॅलिफोर्नियातील डम्बार्टन पुलावरून घरी निघालेले अभियंते जॅक स्मिथ यांना एक कल्पना सुचली. त्यांनी गाडीतूनच आपले सहकारी सबीर भाटिया यांना मोबाईल लावला. ईमेल थेट ब्राउझरमध्येच उघडता आले तर? भाटियांनी ऐकताच त्यांना थांबवले. फोन ठेवा, घरी पोहोचा आणि सुरक्षित लाइनवरून बोला, मध्येच कोणी ऐकता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. या संभाषणातून हॉटमेल जन्माला आले.

२/ कल्पना चोरून ऐकली जाऊ नये म्हणून एवढी दक्षता घेतली गेली. मात्र पुढे ज्या सेवेतून कोट्यवधी लोकांची पत्रे गेली, त्या हॉटमेलमध्ये लॉगिनपासून लॉगआउटपर्यंत संपूर्ण वेळ कूटबद्ध जोडणी वापरण्याची सोय यायला नोव्हेंबर २०१० उजाडले. वास्तविक त्यासाठी लागणारे तंत्र १९९५ सालीच उपलब्ध होते. कुलूप तयार असूनही ते दाराला लागायला १५ वर्षे का लागली, याचा हा इतिहास.

३/ प्रथम त्याआधीचे जग पाहू. १९९० च्या दशकाच्या आरंभी सॉफ्टवेअर म्हणजे खोक्यातून येणारी वस्तू होती. फ्लॉपी किंवा सीडी विकत आणायची, संगणकावर चढवायची, आणि लिहिलेले सारे त्याच संगणकाच्या डिस्कवर राहायचे. धोके तेव्हाही होतेच. फ्लॉपीवाटे व्हायरस पसरत. पण माहिती कोठे आहे याचे उत्तर प्रत्येकाला ठाऊक होते. ती समोरच्या टेबलावर होती, आणि खोलीची किल्ली आपल्याच खिशात होती.

४/ स्मिथ आणि भाटिया एका कंपनीत नोकरी करीत होते आणि फावल्या वेळात स्वतःच्या उद्योगाची जुळवाजुळव करीत होते. कार्यालयाच्या फायरवॉलमुळे त्यांना आपली खासगी ईमेल खाती तेथून उघडता येत नसत, आणि कार्यालयाच्या ईमेलवर लिहावे तर वरिष्ठांच्या नजरेस पडण्याची भीती. ब्राउझर मात्र फायरवॉलमधून सहज पार जाई. म्हणजे जगातील पहिल्या मोठ्या वेबमेल सेवेमागची मूळ प्रेरणाच खासगीपणाची होती. ४ जुलै १९९६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, हॉटमेल सुरू झाले.

५/ याच सुमारास, १९९५ साली, पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस यांनी वायावेब ही कंपनी स्थापन केली. ऑनलाइन दुकान उभारण्याचे त्यांचे सॉफ्टवेअर ग्राहकाच्या संगणकावर नव्हे, तर कंपनीच्या सर्व्हरवर चाले. ग्राहक ते ब्राउझरमधून वापरी. १९९८ साली याहूने ही कंपनी विकत घेतली. आज ही रचना इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात काही नवे होते हेच लक्षात येत नाही.

६/ या दोघांतील मॉरिस यांचा पूर्वेतिहास बोलका आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी, कॉर्नेल विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना, त्यांनी सोडलेल्या ‘वर्म’ने तत्कालीन इंटरनेटवरील हजारो यंत्रे ठप्प केली होती. अमेरिकेच्या १९८६ च्या संगणक गैरव्यवहार कायद्याखाली ज्युरीने दोषी ठरवलेले ते पहिले आरोपी. शिक्षा होती ३ वर्षांची परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा आणि दंड. जाळ्यावरची यंत्रे किती ठिसूळ असतात, हे वेब सॉफ्टवेअरच्या या एका जनकाला पुरेपूर ठाऊक होते.

७/ वेब सॉफ्टवेअरच्या बाजूने होणारा युक्तिवाद पोकळ नव्हता. काही चढवायला नको, डिस्क बिघडली तरी काम बुडत नाही, कोणत्याही संगणकावरून खाते उघडते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दोष सापडला तर तो एकाच ठिकाणी दुरुस्त करायचा. दुरुस्तीची सीडी लाखो घरांत पोहोचवण्याची गरज नाही. सामान्य माणूस आपला संगणक जेवढा सांभाळील, त्याहून चांगली राखण जाणकारांच्या हाती होईल, हा त्यामागचा विश्वास होता.

८/ भारतात हे बदल विशेष वेगाने रुजले, त्याला कारण आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. घरी संगणक असणे ही तेव्हा मोजक्यांचीच गोष्ट होती. मुंबई-पुण्यातील तरुणांना ईमेल भेटले ते सायबर कॅफेत, तासाच्या हिशेबाने. ज्याचे स्वतःचे यंत्रच नाही, त्याची पत्रे दुसऱ्याच्या सर्व्हरवर असणे ही गैरसोय नव्हती. ती एकमेव सोय होती. आणि लॉगआउट न करता उठलेल्याचे खाते पुढच्या गिऱ्हाइकासमोर उघडेच राही.

९/ लॉगआउट न केल्यास खाते उघडे का राहते? त्याचे उत्तर ‘कुकी’त आहे. वेबची मूळ भाषा, म्हणजे एचटीटीपी, विसरभोळी आहे. प्रत्येक पान मागताना मागणारा तिला नव्यानेच भेटतो. यावर १९९४ साली नेटस्केपचे लू मॉन्टुली यांनी तोड काढली. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर जसा क्रमांकाचा बिल्ला मिळतो, तसा सर्व्हर ब्राउझरला एक बिल्ला देतो, आणि ब्राउझर तो दर वेळी दाखवतो. पासवर्ड एकदाच विचारला जातो. त्यानंतरचा सारा व्यवहार बिल्ल्यावर चालतो.

१०/ चपलांच्या बाबतीत घडते तेच येथेही घडते. बिल्ला ज्याच्या हाती, चपला त्याच्या. दाखवणारा खरा मालक आहे की नाही, हे सर्व्हर पाहत नाही. ही त्रुटी नेटस्केपलाही उमगली होती. तिच्यावरचा उपायही याच कंपनीने आणला होता: एसएसएल. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील सारी वाहतूक कूटबद्ध करणारी ही पद्धत १९९५ साली लोकांच्या हाती आली. पत्त्याच्या आरंभीचे ‘एचटीटीपीएस’ तेव्हाचे.

११/ हे पहिले कुलूप कच्चे होते, हे मान्य करावे लागेल. अमेरिकी निर्यात निर्बंधांमुळे इतर देशांना मिळणाऱ्या ब्राउझरमध्ये केवळ ४० बिटांची किल्ली असे. ऑगस्ट १९९५ मध्ये फ्रान्समधील संशोधक दामियँ दोलिजे यांनी सुमारे १२० संगणक जुंपून असा एक संदेश ८ दिवसांत फोडला. पुढच्याच महिन्यात बर्कलीच्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या विद्यार्थ्यांनी दाखवले, की नेटस्केपच्या किल्ल्या घड्याळातील वेळेसारख्या सहज अंदाज करता येण्याजोग्या गोष्टींवरून बनत होत्या.

१२/ हे दोष यथावकाश दूर झाले. निर्यात निर्बंधही २००० साली बरेच शिथिल झाले. तरीही कुलूप सर्वत्र लागले नाही. बँका आणि क्रेडिट कार्डाची पाने सोडली, तर बहुतेक सेवांनी ते फार तर पासवर्डपुरते वापरले. कूटलेखनाने सर्व्हरवर ताण येतो, पाने सावकाश उघडतात, खर्च वाढतो, ही कारणे सांगितली जात. परिणाम विलक्षण होता: पासवर्ड बंद पेटीतून जाई, आणि त्याच्या बदल्यात मिळालेला बिल्ला उघड्या हातात नाचवत परत येई.

१३/ दरम्यान, दुसऱ्याच्या सर्व्हरवर विसंबण्याची जोखीम किती मोठी असू शकते, हे ऑगस्ट १९९९ च्या अखेरीस जगाने पाहिले. हॉटमेल तोवर मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे झाले होते आणि त्याची कोट्यवधी खाती होती. लॉगिन व्यवस्थेतील एका दोषामुळे, केवळ वापरकर्त्याचे नाव ठाऊक असेल तर त्याचे खाते कोणालाही उघडता येऊ लागले. पासवर्डाच्या जागी ‘ईएच’ ही दोन अक्षरे पुरत. बातमी फुटल्यावर मायक्रोसॉफ्टला काही तास सेवा बंद ठेवावी लागली.

१४/ या घटनेला दोन बाजू आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत. खोक्यातील सॉफ्टवेअरमध्ये असा दोष असता, तर तो साधण्यासाठी चोराला एकेक यंत्र गाठावे लागले असते. येथे एकाच दोषाने साऱ्यांची दारे एकदम उघडली. पण दुरुस्तीही तशीच झाली: एका ठिकाणी, काही तासांत, सर्वांसाठी. वेब सॉफ्टवेअरने धोका आणि उपाय दोन्ही एकवटले. वापरकर्त्याच्या हाती मात्र दोहोंपैकी काहीच उरले नाही. त्याने फक्त वाट पाहायची होती.

१५/ १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले. हॉटमेल तेव्हा २ एमबी जागा देत होते. जीमेलने १ जीबी दिली. पत्रे पुसण्याची गरजच उरली नाही, आणि माणसांची अनेक वर्षांची कागदपत्रे, हिशेब, भांडणे, प्रेमपत्रे एका पासवर्डामागे साठत गेली. लॉगिन कूटबद्ध होते, त्यानंतरचे वाचन-लेखन बहुतांशी उघड्यावर. २००८ साली गुगलने ‘नेहमी एचटीटीपीएस वापरा’ हा पर्याय दिला. तो सेटिंग्जमध्ये शोधावा लागे, आणि मुळात बंद असे.

१६/ या मुद्द्यावर जून २००९ मध्ये सुरक्षा, खासगीपणा आणि कायदा या क्षेत्रांतील ३८ तज्ज्ञांनी गुगलचे प्रमुख एरिक श्मिट यांना खुले पत्र लिहिले. जीमेल, डॉक्स आणि कॅलेंडर या सेवांना कुलूप मुळातच लावलेले असावे, ही त्यांची मागणी होती. जाहिरातदारांसाठीच्या अॅडवर्ड्स आणि अॅडसेन्स या सेवांना गुगल ते आधीपासूनच लावत होते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. म्हणजे प्रश्न क्षमतेचा नव्हता. कोणाचा ऐवज मोलाचा मानायचा, हा होता.

१७/ उत्तर मिळायला सात महिने आणि एक हल्ला लागला. १२ जानेवारी २०१० रोजी गुगलने जाहीर केले, की चीनमधून आपल्या यंत्रणेवर हल्ला झाला असून चिनी मानवाधिकार कार्यकर्त्यांची जीमेल खाती हे त्याचे एक मुख्य लक्ष्य होते. त्याच दिवशी जीमेलसाठी एचटीटीपीएस डीफॉल्ट करण्याची घोषणा झाली. येथे एक भेद ध्यानात ठेवावा: तो हल्ला कंपनीच्या आतल्या यंत्रणेवर होता, आणि वाटेवरच्या कूटलेखनाने तो टळला नसता. पण कोणाचे तरी पत्र उघडले जाणे म्हणजे काय, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. असहमती गुन्हा ठरते अशा देशात ते तुरुंगाचे दार ठरू शकते.

१८/ आणि ज्या खर्चापायी इतकी वर्षे चालढकल झाली, तो किती निघाला? गुगलचे अभियंते अॅडम लँग्ली यांनी त्याच वर्षी सांगितले, की या बदलासाठी नवी यंत्रे घ्यावी लागली नाहीत, आणि जीमेलच्या दर्शनी सर्व्हरांवरील प्रोसेसरच्या कामात एसएसएलचा वाटा १ टक्क्याहून कमी होता. १९९५ साली खर्चाचा आक्षेप खरा होता. संगणक वेगवान होत गेले, आक्षेप मात्र पुन्हा तपासून पाहिला गेला नाही.

१९/ इतर कंपन्या तरीही स्वस्थ होत्या. त्यांना हलवले एका छोट्या प्रोग्रॅमने. २४ ऑक्टोबर २०१० रोजी, सॅन डिएगोमधील एका परिषदेत, एरिक बटलर यांनी ‘फायरशीप’ हे फायरफॉक्सचे विस्तारक प्रसिद्ध केले. उपाहारगृहातील खुल्या वायफायवर ते चालू केले, की आसपासच्या लोकांचे उघड्यावर फिरणारे बिल्ले ते गोळा करी आणि बाजूच्या चौकटीत त्यांची नावे व छायाचित्रे मांडी. छायाचित्रावर दोनदा क्लिक केले, की त्या व्यक्तीचे फेसबुक वा ट्विटर खाते समोर.

२०/ फायरशीपने नवे असे काहीच शोधले नव्हते. बिल्ला चोरता येतो, हे जाणकारांना अनेक वर्षे ठाऊक होते. बटलर यांचा हेतूही तोच होता: तज्ज्ञांचे गुपित सर्वांना दिसेल असे करायचे. एका दिवसात एक लाखाच्या आसपास लोकांनी ते उतरवून घेतले. हे योग्य होते का, यावर तेव्हा वाद झाला, कारण त्यातून निरपराधांची खातीही उघडली जाणार होती. पण सुमारे दोन आठवड्यांत हॉटमेलने पूर्ण कूटबद्ध जोडणीचा पर्याय दिला, आणि जानेवारी २०११ मध्ये फेसबुकने.

२१/ त्याच जानेवारीत ट्युनिशियात क्रांती पेटली होती. तेथे फेसबुकच्या ध्यानात आले, की देशातील इंटरनेट सेवा पुरवठादारांच्या पातळीवर लॉगिनच्या पानात परका कोड मिसळला जात असून लोकांचे पासवर्ड टिपले जात आहेत. पान उघड्या वाटेने येत असल्यानेच त्यात वाटेत भर घालता येत होती. फेसबुकने ट्युनिशियाची सारी वाहतूक एचटीटीपीएसवर वळवली. १४ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून गेले. कुलपाच्या चिन्हाला राजकीय इतिहासात स्थान मिळाले ते असे.

२२/ पण खुद्द कुलूपच खोटे निघाले तर? समोरचा सर्व्हर खरोखर गुगलचाच आहे, याची ग्वाही एखादी प्रमाणपत्र संस्था देते, आणि ब्राउझर तिच्यावर विश्वास ठेवतो. २०११ च्या उन्हाळ्यात डिजीनोटार या डच संस्थेच्या यंत्रणेत घुसून कोणीतरी ५०० हून अधिक बनावट प्रमाणपत्रे काढली. त्यांत गुगलच्या नावाचेही एक होते. ते इराणमध्ये वापरले गेले. सुमारे ३ लाख इंटरनेट पत्त्यांवरील लोकांना कुलूप दिसत होते, आणि त्यामागे तिसराच कोणी त्यांची पत्रे वाचू शकत होता.

२३/ हा डाव ऑगस्टच्या अखेरीस उघडा पडला, तो इराणमधील एका वापरकर्त्यामुळे. क्रोम ब्राउझरमध्ये गुगलच्या खऱ्या प्रमाणपत्रांची ओळख आधीच नोंदलेली होती, म्हणून त्याच्या पडद्यावर इशारा झळकला, आणि त्याने तो दुर्लक्षून पुढे न जाता जाहीर विचारणा केली. ब्राउझरांनी डिजीनोटारवरचा विश्वास काढून घेतला. डच सरकारची संकेतस्थळेही याच संस्थेवर अवलंबून होती. सप्टेंबरमध्ये तिचे दिवाळे निघाले. जिचा एकमेव माल विश्वास होता, तिच्याकडे विकायला काही उरले नव्हते.

२४/ ऑक्टोबर २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांतून आणखी एक कोपरा दिसला. वापरकर्ता ते गुगल ही वाट आता बंदिस्त होती. पण गुगलच्या स्वतःच्या डेटा केंद्रांमधील वाहतूक अद्याप उघडी होती, आणि अमेरिकेची एनएसए ही संस्था तिच्यावर डोळा ठेवून होती. त्या कागदातील हाताने काढलेल्या आकृतीत, कूटलेखन जेथे उतरवले जाते त्या जागी, एक हसरा चेहरा रेखाटलेला होता. मार्च २०१४ पर्यंत गुगलने जीमेलची आतली वाहतूकही कूटबद्ध केली.

२५/ मोठ्या कंपन्या सावरल्या, पण लहान संकेतस्थळांचे काय? प्रमाणपत्र विकत घ्यावे लागे आणि बसवणे किचकट असे. डिसेंबर २०१५ मध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही सेवा सर्वांसाठी खुली झाली. ती प्रमाणपत्रे विनामूल्य आणि स्वयंचलित रीतीने देते. २०१७ च्या आरंभी फायरफॉक्समध्ये उघडल्या जाणाऱ्या पानांपैकी निम्म्याहून अधिक पाने एचटीटीपीएसवर आली होती. जुलै २०१८ पासून क्रोम कुलूप नसलेल्या प्रत्येक पानाला ‘असुरक्षित’ म्हणू लागला. डीफॉल्ट उलटले. आता खुलासा कुलूप न लावणाऱ्याने द्यायचा होता.

२६/ या घटनाक्रमात एक सूत्र पुन्हा पुन्हा दिसते. उपाय शोधला जाणे आणि उपाय लागू होणे यांत वर्षे गेली, आणि ते अंतर तोडले हल्ल्याने, नामुष्कीने किंवा कोणाच्या तरी जाहीर आग्रहाने. तंत्रज्ञानाचा इतिहास सहसा शोधांच्या सनावळीने लिहिला जातो. सुरक्षेच्या बाबतीत दुसरी सनावळ अधिक महत्त्वाची ठरते: ती गोष्ट सामान्य माणसाला न मागता कधी मिळाली, याची.

२७/ आणि कुलपाची मर्यादाही विसरू नये. ते वाटेचे रक्षण करते, मुक्कामाचे नाही. पत्र सर्व्हरवर पोहोचले, की ते कोणी वाचायचे, किती काळ ठेवायचे, कोणाच्या आदेशावरून द्यायचे, हे सर्व्हरचा मालक आणि त्या देशाचा कायदा ठरवतो. १९९५ साली स्मिथ आणि भाटिया यांना आपली पत्रे वरिष्ठांच्या नजरेपासून दूर ठेवायची होती. तो प्रश्न तेव्हा सुटला. त्या पत्रांची किल्ली मात्र तेव्हापासून दुसऱ्याच्या खिशात आहे. (समाप्त)